कुणालाही अडवलं जाणार नाही

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाची टाळी नकोय.

गेल्या जानेवारीतला गुरुवार. जागा रत्नागिरी. जिच्या बाबतीत घडलं ती नीरजा, माझी मावसबहीण. भुताखेतांचं नाव काढलं की तोंडावर हसणारी बाई.

नीरजा कॉम्प्युटरचे क्लास घेते. ओपन सोर्सवाली आहे. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचं आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं. या मंडळींची परिषद दरवर्षी पुण्यात भरायची. नीरजाने भांडून ती रत्नागिरीला ओढून आणली.

पुणेकरांनी मान डोलावली, पण पाचर मारून ठेवली. शुक्रवारपर्यंत वक्ते जमव, नाहीतर परिषद परत पुण्याला.

तिने मुंबई-पुण्याच्या सगळ्या शहाण्यांना फोन केले. एकाने विमानतळाची चौकशी केली. दुसरा म्हणाला, "मॅडम, हापूसच्या सीझनला ठेवा ना, नक्की येतो."

आंबे खायला येणार होता मेला. बोलायला नाही.

पक्का वक्ता एकच होता. तिचा धाकटा भाऊ मुकुल. त्याने कुणी न शिकवता एक प्रोग्राम लिहिला होता, मच्छीमारांच्या मोबाइलवर वादळाचा इशारा पाठवणारा. पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. नीरजाचा सगळा हट्ट खरं तर त्याच्यासाठी होता. त्याला एकदा माईकसमोर उभा करायचा, आणि लोकांनी ऐकायचं.

"इथे काय बोलणारी माणसं मेलीत?" ती म्हणाली.

तिने स्वतःच्या आवाजात आमंत्रण रेकॉर्ड केलं. दादू रिक्षावाल्याच्या टपावर भोंगा बांधला आणि गुरुवारी दुपारी त्याला गावभर पिटाळलं.

"ज्याला काही सांगायचंय, आणि ज्याचं आजवर कुणी ऐकलं नाही, त्याने रविवारी यावं. माईक तुमचा. कुणालाही अडवलं जाणार नाही."

शेवटी तिचा फोन नंबर.

दिवेलागणीला तिचा फोन वाजला.

आधी नुसता वारा... मग पाण्याची चुबुकचुबुक... मग एक बाप्या बोलला.

"बाय, टाईम किती मिळंल?"

"वीस मिनिटं. कुठून बोलताय काका?"

"मिरकरवाडा. वीस नाय पुरायची. आमी लय जण हाव."

"किती जण?"

पलीकडे कुणीतरी मोजायला लागलं. हळू आवाजात... मोजतच राहिलं...

फोन कटला.

नीरजा खूश. मिरकरवाडा म्हणजे रत्नागिरीचं मासेमारीचं बंदर. तिने रविवारी जेवणानंतरची वेळ लिहून टाकली. 'मिरकरवाड्याचा गट.' यादी त्याच रात्री पुण्याला गेली.

सकाळी दादू भोंगा परत द्यायला आला. आत काही येईना.

"ताई, एक सांगायचं व्हतं. काल मिरकरवाड्याच्या पुढं, रस्ता संपतो ना, तितं पेट्रोल संपलं."

"मग?"

"मी बाटली घेऊन चालत गेलो. भोंगा बंद करायचा रायला."

ती जागा नीरजाला माहीत होती. समुद्रात गेलेल्या ज्या माणसांचं प्रेतसुद्धा हाती लागत नाही, त्यांचे दिवस घरचे लोक तिथल्या कातळावर घालतात.

"वाजला तर वाजला," ती म्हणाली. "ऐकायला होतं कोण तिथे?"

"तेच तर. कोण नव्हतं. वोहोटी व्हती ताई, पानी पार लांब. पण मी परत आलो तर रिक्षासमोरचा कातळ वला व्हता. असा ठिकठिकाणी... मानसं बसून उठावी तसा."

"घेतली होतीस काय रे?"

दादूने भोंगा उंबऱ्यावर ठेवला. भाडंही न घेता गेला.

रविवारी हॉलमध्ये बऱ्यापैकी माणसं होती. पुण्याहून आलेले दोघे पहिल्या रांगेत, चेहरा असा की जणू उपकार करायला आलेत. जेवणं झाली. मिरकरवाड्याच्या गटाची वेळ झाली.

कुणीच आलं नाही.

पुणेकर घड्याळ बघायला लागले. मुकुल उठला. "ताई, त्यांच्या वेळेत मी बोलून घेतो."

आणि माईकसमोर जाऊन उभा राहिला.

तोंड उघडलं... आणि आवाज म्हाताऱ्याचा आला.

"मी रघू. आमी पाटंचं निगालो. आभाळ सोच्च व्हतं. वारा फिरला, पण आमाला कुणी सांगितलं नाय."

पहिल्या रांगेतला एक जण हसला. "मिमिक्री छान करतो."

मुकुलची पापणी हलत नव्हती.

"सोनूबाईला सांगा, दार लावून घेत जा. मी येत नाय आता."

हा आवाज दुसरा होता. तरणा.

मग तिसरा... मग चौथा. एकाला तर शब्दच येईनात. नुसता पाण्याचा आवाज, घशातून.

आता कुणी हसत नव्हतं. नीरजाने धावत जाऊन माईकची वायर उपटली.

आवाज तसाच. तेवढाच मोठा.

तिने मुकुलचा हात धरला. हात बर्फासारखा. ती ओरडली, "वेळ संपली. सोडा त्याला."

मुकुलने मान वळवली. तिच्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती.

"बाय, तूच म्हणालीस ना. कुणाला अडवणार नाय."

खुर्च्या सरकल्या. माणसं पळाली. पुणेकर सगळ्यात आधी.

नीरजा एकटी उरली. पळून गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. पण भावाला तिथे कुणाच्या हवाली करून जाणार?

तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"बोला," ती म्हणाली. "एकेक जण बोला. मी ऐकतेय."

ते बोलले. खिडकीतलं ऊन सरलं तरी बोलत होते. ती प्रत्येकाला हुंकार देत राहिली. मधूनच मागच्या रिकाम्या खुर्च्या करकरायच्या... एकीवरून कुणी उठल्यासारखी, मग शेजारच्या खुर्चीवरून...

शेवटी सगळं थांबलं.

मुकुलने डोळे मिचकावले. हॉलकडे बघितलं.

"ताई, लोक कुठे गेले? माझं बोलणं झालं?"

नीरजाने उपटलेली वायर गुंडाळायला घेतली.

पुण्याहून मेल आला. असली नाटकं आम्हाला चालणार नाहीत म्हणे. पुढच्या वर्षापासून परिषद परत पुण्याला. जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे.

मुकुल बरा आहे. जेवतो, काम करतो. त्याचा प्रोग्राम आता बऱ्याच बोटींवर आहे.

फक्त एक झालंय. त्याला काही विचारलं की तो लगेच बोलत नाही. आधी थोडा बाजूला सरकतो... दारात आपण कुणाला आधी वाट देतो ना, तसा.

मग उत्तर येतं.

ते मुकुलच देतो, असं नीरजा धरून चालते.