सोसायटीचा काटा

"मालाचं नाव काय लिवू?"

नाथाजी माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. पलूसच्या सोसायटीचं गोदाम, चहूकडं युरियाच्या पोत्यांची थप्पी, आणि मधोमध पोती तोलायचा लोखंडी काटा. त्या काट्यावर मी उभी! साल सत्त्याहत्तर, ऊसतोडीचे दिवस. समोर हा गृहस्थ छापील पावतीपुस्तक उघडून, कानावरची पेन्सिल हातात घेऊन वाट बघतोय. पावतीवर रकाने ठरलेले... मालाचे नाव, नग, एकूण वजन, बारदान वजा, निव्वळ वजन.

"अंजना," मी म्हटलं.

"नग?"

"तुमाला किती दिसत्यात?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं लिहिलं — एक. मला राग यायला हवा होता, पण आलं हसू. मग दांडीवरचं वजन सरकवत सरकवत तो एकशे सत्तावीस किलोवर थांबला. आजूबाजूला चार हमाल कान टवकारून उभे. बाजारात लोक माझ्या वजनाच्या पैजा लावायचे, मला ठाऊक होतं. पण यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही. पावती फाडली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. त्या घडीचंच मला घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.

मी बालवाडीची बाई, वय चोवीस. झोपेत माझा श्वास अडकायचा, आणि आई, म्हणजे राहीबाई, उशाशी बसून मला हलवायची. मिरजेत अमेरिकेहून आलेल्या एका डॉक्टरनं खासगी दवाखाना काढला होता. तो म्हणाला, वजन उतरवायचं एक ऑपरेशन आहे. आतड्याची सुरुवात कापून थेट शेवटाजवळ जोडायची. मधलं आतडं नुसतं पडून राहतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. पण एकशे सत्तावीसला भूल देता येणार नाही. आधी स्वतःच्या हिमतीवर एकशे पंधरापर्यंत या, दर सोमवारी गावात वजन करा आणि तोलणाऱ्याच्या सहीची पावती मला टपालानं पाठवा. एकशे पंधरा दिसलं की तारीख देतो.

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी विचारलं, तुम्ही अशी किती केली? म्हणाला, तिकडं असताना चाळीस. मी विचारलं, त्यातले किती गेले? तो म्हणाला, दोन. सगळं विचारून घ्यायची माझी खोड आहे, त्याला मी काय करू?

वाण्याचा तराजू मला पुरणार नव्हता, म्हणून सोसायटीचा काटा. आणि काट्याबरोबर नाथाजी. तो लष्करात होता, जवानांचं रेशन तोलायच्या खात्यात. एकाहत्तरच्या लढाईत गोळा जवळ फुटला, डावा कान गेला, आणि सोसायटीनं त्याला गोदामावर बसवलं. कमी ऐकू येतं, म्हणून जवळ उभा राहतो, असं सांगायचा. उजवा कान चांगला शाबूत होता. पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या सोमवारी त्यानं विचारलं, बारदान किती धरायचं? पोत्याचं वजन वजा करतात ना, तसं. मी म्हटलं, माणसाला कसलं बारदान? तर म्हणतो, पातळ, बांगड्या, चपला... त्यांचं वजन तुमच्या नावावर का घालायचं? मग पुढच्या सोमवारी मी तसलंच दुसरं पातळ, बांगड्या आणि चपला गाठोड्यात बांधून नेल्या आणि आम्ही ते गाठोडं तोललं. दीड किलो. कोंडीबा हमाल पोत्याला टेकून हसत होता. नाथाजीनं मात्र बारदानाच्या रकान्यात दीड लिहून सही ठोकली.

मी सोमवारची वाट बघायला लागले. गुऱ्हाळं सुरू झालेली, सगळ्या गावात काकवीचा वास, आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी, पालेभाजी आणि पातळ ताक. बालवाडीत पोरं खाऊ खायची तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघायची. पण सोमवार आला की भूक कुठं पळायची कोण जाणे. एकदा कोंडीबानं चहा आणला, तर नाथाजीनं कप तसाच परत धाडला. माझ्या देखत तो चहा घेत नाही हे मला तेव्हा कळलं, आणि मग मलाच कसंतरी झालं.

एकदा त्यानं विचारलं, आतडं असतं केवढं? मी म्हटलं, डॉक्टर वीस फूट सांगतो. "पोटात? वीस फूट?" त्याचा विश्वासच बसेना. मग त्यानं पोती शिवायची सुतळी काढली, वीस फूट मापली, आणि दारापासून काट्यापर्यंत आम्ही ती अंथरली. दोघंही उकिडवे बसून तिच्याकडं बघत राहिलो.

"आणि कामाचं किती ठेवणार?"

"दीड फूट."

त्यानं दीड फूट तोडली, बोटाला गुंडाळली, खिशात टाकली.

एकशे पंचवीस, एकशे बावीस, एकशे वीस... जानेवारीत मी एकशे अठरावर आले, आणि तिथंच अडकले. एक सोमवार गेला, दुसरा, तिसरा, चौथा. अर्ध्या भाकरीची मी चतकोर केली तरी दांडी हलेना. एकच सुख होतं. नाथाजी आता आणखी जवळ उभा राहायचा, इतका की त्याचं एक पाऊल काट्याच्या पत्र्यावरच यायचं. त्याच्या अंगाला ताग आणि साबणाचा वास यायचा. मी खाली बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. मनात म्हणायची, राहू दे की... तेवढाच जवळ.

मग डॉक्टरचं पत्र आलं. लिहिलं होतं, तुम्ही चोरून खाता असं दिसतं, येऊन भेटा. मला इतकं लागलं ते की आईशीही बोलले नाही. एसटीनं मिरजेला गेले आणि तिथल्या काट्यावर चढले. एकशे चौदा.

डॉक्टर म्हणाला, तुमच्या गावचा काटा बिघडलाय, आणि पुढच्या आठवड्यातला बुधवार ठरवून टाकला. परतीच्या एसटीत मी विचार करत बसले. काटा बिघडला असता तर शेतकऱ्यांनी गोदाम डोक्यावर घेतलं असतं. खताचं पोतं बरोबर उतरतंय, मग मीच चार किलो जास्त कशी? तासगाव मागं पडलं आणि मला पत्र्यावरचं ते पाऊल आठवलं. माझे कान तापले. ज्याला मी माया समजत होते ती लबाडी होती.

सोमवारी गेले तेव्हा कोंडीबा बाहेर ट्रकवरून पोती उतरवत होता. मी काट्यावर चढले आणि नाथाजीला म्हटलं, तुम्ही दाराशी जाऊन उभे राहा. दांडीवरचं वजन मीच सरकवलं. एकशे साडेतेरा.

"आता या हितं. रोजच्यासारखं उभं ऱ्हावा."

तो आला. पाऊल पुढं टाकलं नाही. मान खाली घालून त्यानं खिशात हात घातला आणि सुतळीचा तो तुकडा काढला. मळून काळा झाला होता.

"मी मिरजेला गेलो हुतो," तो म्हणाला. "डाक्टरला इचारलं. चाळिसातली दोन गेली म्हणाला. आमच्या ट्रकात आमी सातजण हुतो, अंजना. त्यातली दोन गेली. दोन म्हंजे किती असत्यात ते मला ठावं हाय." पहिल्यांदाच त्यानं मला बाई म्हटलं नव्हतं. "मला तू पायजेस. एकशे सत्तावीस असलीस तरी पायजेस. हायस तेवढी सगळी."

असं कुणी मला म्हणेल याचं मी कधी स्वप्नसुद्धा बघितलं नव्हतं. ऐकून गोड वाटलं. पण राग त्याहून मोठा होता.

"चार आठवडं मी चतकोर भाकरीवर काढलं. डाक्टर मला चोरटी म्हणाला. आनि तुमी माझ्या जिवाचं तुमच्या पायानं ठरीवता व्हय?"

त्याचे डोळे भरले.

मग मीच सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही वर्षाला औंधच्या यमाईला जातो. अकरा वर्षांची असताना मी शेवटची डोंगर चढले. तेव्हापासून मी पायथ्याला बसते आणि सगळ्यांच्या चपला राखते. सगळे वर जातात, हसत खाली येतात, आपापल्या चपला घालतात. वरनं काय दिसतं ते मला आता आठवतसुद्धा नाही. आणि घरी आई माझा श्वास मोजत बसते.

"ती दोन मला तुमच्या आधीपासनं ठावं हायत," मी म्हटलं. "पर अडतीस बी हायत की. मला वर जाऊन बघायचंय, नाथाजी. भ्या मला बी वाटतंय. तरी बघायचंय."

मग त्यानं पावतीपुस्तक उघडलं, एकशे साडेतेरा लिहिलं, खाली सही केली.

"आता आनि एक," मी म्हटलं. "चोरून एक पाय कशाला ठेवता? ठेवायचं तर दोन्ही ठेवा."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग चपला काढून तो वर आला. पत्रा करकरला. दांडी काही केल्या थिरावेना. कोंडीबा पाठीवर पोतं घेऊन दारात आला, आमच्याकडं बघून म्हणाला, काटा मोडंल की रं नाथा, आणि आल्या पावली परत गेला. एकशे शहात्तर भरले. नाथाजीनं लिहिलं — मालाचे नाव अंजना, नाथाजी. नग दोन. बारदानाचा रकाना कोराच ठेवला.

त्याच संध्याकाळी तो घरी येऊन आईला सगळं सांगून गेला, पायाचंसुद्धा. आईनं आधी त्याला चहा विचारला नाही. मग विचारला.

बुधवारी मिरजेला तिघं गेलो. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्स म्हणाली, चपला इथंच काढा. मी काढल्या. आई भिंतीला टेकून पुटपुटत होती. नाथाजी माझ्या डाव्या हाताला उभा होता, चांगला कान माझ्याकडं करून.

"एवढ्या राखा," मी म्हटलं.

त्यानं वाकून चपला उचलल्या. "कवापतूर?"

"मी येईपतूर. येते."

फरशी गार होती. दार लोटायच्या आत मी वळून बघितलं. तो बाकावर बसला होता आणि माझ्या चपला त्यानं मांडीवर घेतल्या होत्या.