नाकतोड्याकडून बेडकाकडे

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत होता. खरं तर राहून वगैरे काही गेलं नव्हतं. नऊ दिवस ते पत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि वाचून वाचून घड्यांवर कागद मऊ पडला होता.

पत्र चारच ओळींचं. 'संग्रहालयातलं काम मिळालं. तीन वर्षं भिंतींवर जंगल रंगवायचं आहे. राहायला जागा देतात. एकट्याला एक खोली, जोडप्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अर्ज पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. मी कोणता भरू?'

आता याहून सोपा प्रश्न कोण विचारणार? पण ज्याला विचारला तो माणूस सोपा नव्हता. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या कचेरीत तो छपाईआधीची मुद्रितं तपासायचा. बोलायचा इतकं कमी, की सगळे त्याला 'पूर्णविराम' म्हणत.

पत्र लिहिणारी ती चित्रकार. दोघांची गाठ पडली ती भांडणातच. विज्ञानाच्या पुस्तकासाठी तिनं एक सुरेख तळं काढलं होतं. त्यात गवत, गवतावर नाकतोडा, त्याच्यावर टपलेला बेडूक, बेडकावर साप, वर घार, असे बरेच जीव आणि कोण कुणाला खातं ते दाखवणारे अकरा बाण. पूर्णविरामानं त्यावर लाल शाईनं अकरा फुल्या मारून ते परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन ती थेट त्याच्या टेबलाशी.

"हे तुमचं काम?"

"हो... म्हणजे... बाण उलटे आहेत."

"उलटे कसे? बेडूक नाकतोड्याला खातो. मग बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे. शिकारी नेम धरतो की नाही?"

"हा नेमाचा बाण नाही." त्यानं मान वर न करताच सांगितलं. "ऊर्जा जिकडे जाते, तिकडे बाण. नाकतोड्याच्या अंगातली बेडकाकडे. बेडकाच्या अंगातली सापाकडे."

"एवढंच ना? मग तोंडानं सांगायचं! अकरा फुल्या कशाला? तळ्याला गोवर आल्यासारखं दिसतंय."

तो हसला. कचेरीतल्या लोकांनी माना वळवून पाहिलं. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

बाण दुरुस्त करायला ती त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि पुस्तक संपेपर्यंत तिथेच बसत राहिली. दुपारी खिडकीतून तिरकं ऊन यायचं. तो डबा उघडायचा आणि ती न विचारता हात घालायची.

"आता बाण कुठून कुठे?"

"डब्यातून... तुमच्याकडे."

"आणि डब्यात कुठून?"

"ताईकडून. ताईकडे बाजारातून, बाजारात शेतातून. शेतात उन्हातून."

"म्हणजे मी ऊन खातेय!" तिनं घास हातात धरून खिडकीकडे पाहिलं. "किती?"

"फार नाही. दर पायरीला साधारण दहातला एक हिस्सा पुढे जातो. बाकीचे हिंडण्याफिरण्यात, श्वासात, अंग उबदार ठेवण्यात खर्च होतात. म्हणून गवत भरपूर, नाकतोडे कमी, साप त्याहून कमी आणि घारी अगदी मोजक्या. जितकं गवताच्या जवळ, तितकं पोट भरतं."

"आणि तुमचे कान लाल होतात, त्यात किती हिस्से जातात हो?"

त्यानं घाईघाईनं डबा बंद केला. तिची बोटं आतच होती.

असं ते पुस्तक संपलं. ती दूरच्या गावी मावशीकडे गेली, संग्रहालयात मुलाखत दिली आणि तिथून हे पत्र आलं. तेव्हा फोन होता तो शेजारच्यांकडे. त्या घरच्या सहा माणसांसमोर उभं राहून 'दोन खोल्या' म्हणायचं? त्यापेक्षा त्यानं जीभच चावून टाकली असती.

आज बावीस तारीख. टपाल तिकडे पोचायला तीन दिवस. बाराची टपालगाडी चुकली, तर ती एका खोलीचा अर्ज भरणार आणि तीन वर्षं तिथेच राहणार, एकटी. सकाळी ताई म्हणजे त्याची मोठी बहीण समोर येऊन उभी राहिली.

"लिहिलंस?"

त्यानं कागद पुढे केला. ताईनं मोठ्यानं वाचलं, " 'पत्र मिळाले. अर्ज विचारपूर्वक भरावा.' अरे, हे प्रेमपत्र आहे की पाणीपट्टीची नोटीस?"

"आधी चार ओळी होत्या. मी कापल्या."

"त्याआधी?"

"एक पान."

"आणि त्याच्याही आधी?"

त्यानं टेबलाकडे पाहिलं. ताई त्याच्याबरोबर वाढलेली. तिनं सरळ टेबलाचा खण ओढला. खाली दहा पानं होती, पत्र आलं त्याच संध्याकाळी एका दमात लिहिलेली. डाग पडलेले, ओळी वाकड्या, एका जागी पेन कागदातून आरपार गेलेलं. ताईनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पदराला चष्मा पुसला.

"हे का नाही पाठवलंस?"

"फार... पाल्हाळ झालंय. वाक्यं मोडकी आहेत. तपासलं की निम्मं चुकीचंच वाटतं."

"भुकेल्या माणसाला स्वयंपाकाचा वास पाठवून चालतं का रे?"

पूर्णविराम खुर्चीत बसला. दहा पानांचं एक पान, पानाच्या चार ओळी, चार ओळींची दोन वाक्यं. जे गवत होतं ते खणात, आणि तिच्या वाट्याला घारीएवढंही उरलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चित्रातले बाण तपासणाऱ्या या शहाण्यानं आपल्या आणि तिच्या मध्ये स्वतःलाच तीनदा जेवायला बसवलं होतं!

त्यानं दहावं पान ओढलं. तळाला दोन बोटं जागा होती. 'दोन खोल्यांचा भरा. मुद्रितं टपालानं येतात, ती कुठेही तपासता येतात. मी येतो. तुम्ही म्हणाल त्या दिवशी.' आणि या वेळी त्यानं ते परत वाचलं नाही.

"पळ," ताई म्हणाली. "साडेअकरा झाले. चप्पल घाल, चप्पल!"

टपाल कचेरीत रांग होती. त्याचा नंबर आला तेव्हा बाराला चार मिनिटं उरली होती. कारकुनानं पाकीट हातावर तोललं.

"जड आहे. काय भरलंय?"

"उत्तर," तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की रांग हसली.

कारकुनानं तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकायला ओढलं. ते हलेना. दुसरं टोक अजून पूर्णविरामाच्या मुठीत होतं.

"साहेब," कारकून हळूच म्हणाला, "तुम्ही सोडल्याशिवाय ते जायचं नाही."

त्यानं डोळे मिटले, आणि सोडलं.