द्वारकाआत्यांचा साचा

"थांबा! तो गोळा आत्यांच्या तोंडात घालू नका."

माझा आवाज इतका चढू शकतो, हे मलाच त्या दिवशी कळलं. नवीन जालन्यात नुकताच थाटलेला दातांचा दवाखाना, लवंगेच्या तेलाचा वास, खुर्चीत बोळकं उघडून बसलेल्या द्वारकाआत्या... आणि कवळीचा साचा घ्यायला मऊ तपकिरी गोळा हातात घेतलेले डॉक्टर वामन परतूरकर. त्यांचे डोळे हसरे होते. मी नजर गोळ्यावरच ठेवली.

"आमची प्रेमला मुलींच्या शाळेत सायन्स शिकवती," आत्यांनी माझी बाजू सांभाळली.

"अस्सं! काय झालं, मास्तरीणबाई?"

"हा साच्याचा मसाला मघाशी त्या बाकावरच्या रामरावांच्या तोंडात होता."

"गरम पाण्यातून काढलाय."

"त्या पाण्यात तुम्ही बोटं बुडवता. जंतू मरतील कसे? उकळा."

"उकळला तर मसाला बिघडतो. सगळे असंच करतात हो..." ते जरा झुकले. "जंतू दाखवा, मग मानतो."

"शाळेत या. हा गोळा आणि एक कोरा घेऊन."

आले. मी उकडलेल्या बटाट्याच्या दोन चकत्या काचेच्या बशांत ठेवल्या. एकीवर जुना मसाला फिरवला, दुसरीवर कोरा, आणि झाकणं लावली. मग रोज शाळा सुटली, की दारात डॉक्टर हजर.

"आपले बटाटे कसे आहेत?"

"आपले नाहीत, माझे आहेत. झाकणाला हात लावू नका! आणि श्वास तिकडे सोडा."

"तुमच्याजवळ उभा राहिलो, की श्वास घ्यायचाच विसरतो..."

 त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेतला दिवा विझवायला विसरले.

अखेर जुन्या मसाल्याच्या चकतीवर पिवळट, ओलसर ठिपके उमटले. दुसरी चकती स्वच्छ होती. डॉक्टरांनी बशी उचलून उजेडाकडे धरली. त्यांचं हसू मावळलं होतं.

"पेशंटना सांगितलं, तर दवाखाना ओस पडेल."

"तुम्ही ठरवा," मी म्हणाले. आवाज शांत होता, मी नव्हते. हा माणूस गप्प बसला, तर त्याला मनातून काढावं लागणार होतं... आणि तो तर केव्हाच आत येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी आत्यांना घेऊन दवाखान्यात गेले. बाक गच्च भरला होता. डॉक्टर दोन्ही बशा घेऊन बाहेर आले.

"आजवर मी एकच मसाला अनेकांच्या तोंडात घातला. हे बघा, त्यात काय होतं. चूक माझी. आता प्रत्येकाला नवा मसाला, उकळलेली भांडी. ज्यांचे साचे घेतले, त्यांचे पुन्हा घेईन."

जुना गोळा त्यांनी सगळ्यांदेखत चुलीत टाकला. 

"मंग माझ्या आधी कुणाच्या तोंडात व्हता?" रामरावांनी विचारलं.

"या तुमच्या शेजारी बसलेल्या बद्रीनाथशेठच्या."

"आरं देवा! आमचं तर बोलणं बी न्हाई!"

सारा बाक हसून लोटपोट झाला. बद्रीनाथशेठही. एकही माणूस उठून गेला नाही! मला तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग साबणानं धुतलेले हात, कोरा मसाला... आत्यांचं तोंड गच्च भरलं.

"आता हलायचं नाही, बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे पाहत पुढे म्हणाले, "आत्याबाई, मला प्रेमलाबाईंना मागणी घालायची आहे. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

"अँ... अँ!" आत्यांचे हात हवेत.

"डॉक्टर! आधी मला विचारायचं असतं."

"विचारतोय—"

"हो," मी म्हणाले. "पण साचा थंड होईपर्यंत हात हलवू नका."

साचा निघाला तशा आत्या कडाडल्या, "मी केव्हाची व्हय म्हणून राह्यले, तुम्हाला ऐकूच येत न्हाई!"

डॉक्टरांनी साचा धुऊन जंतुनाशकात बुडवला. दोन्ही हात पुन्हा साबणानं चोळले, कोरड्या फडक्यानं पुसले... आणि मगच, भर बाकासमोर, माझा हात हातात घेतला.