हिमदेशाचा अर्ज आणि भुईगावची टिफनी

फाल्गुनातील ती रणरणती दुपार होती. वसई स्टेशनजवळच्या एका कपड्यांच्या दुकानात कौस्तुभ केवळ दोन रुमाल घेण्यासाठी शिरला आणि उंबरठ्यावरच त्याची पावले खिळून राहिली. आरशासमोर एक तरुणी गुडघ्यापर्यंत पोहोचणारा, गळ्याशी केसाळ पट्टी असलेला जाडजूड कोट परिधान करून उभी होती. तिच्या कपाळावर घर्मबिंदू चमकत होते. परंतु मुद्रेवर असा काही निश्चय विलसत होता, की जणू बाहेर खरोखरच बर्फ पडत असावे.

"बाही लांब वाटते का हो?" आरशातून नजर न काढताच तिने विचारले. दुकानदार माळ्यावर चढलेला असल्यामुळे उत्तर देण्याचे भाग्य कौस्तुभच्या वाट्याला आले.

"बाही बरोबर आहे. महिना चुकलाय."

ती वळली. "महिना इथला बघायचा, की मी जिथे चाललेय तिथला?"

"कुठे चाललात?"

"आइसलँडला. केळी बघायला."

कौस्तुभला हसू आवरले नाही. "बर्फात केळी? मग काश्मीरला हापूस बघायला पण जाऊन या!"

"हसून घ्या," ती शांतपणे म्हणाली. "तिथे जमिनीतून गरम वाफ येते. त्या वाफेवर काचेच्या घरात केळी वाढवतात. त्यांच्या एका शेतकी शाळेला मी आमच्या सुकेळीबद्दल, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांबद्दल लिहिलं, तर त्यांनी तीन आठवड्यांसाठी बोलावलं. म्हणाले, आम्हालाही करून दाखवा. आम्ही भुईगावचे आहोत… केळीतलं आम्हाला नाही कळणार, तर कोणाला?"

त्या शेवटच्या वाक्याबरोबर तिची मान अशी काही उंचावली, की कौस्तुभचे हास्य ओठांवरच विरून गेले. तो फुलपाड्याचा राहणारा. अंधेरीच्या एका कचेरीत लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून देणे हाच त्याचा व्यवसाय. ही गोष्ट त्याने संकोचत तिला सांगितली.

"अरे वा! म्हणजे सगळं जग फिरला असाल?"

"शिर्डीला गेलोय… दोनदा."

आता हसण्याची पाळी तिची होती. आणि ते हास्य, वाचकहो, कौस्तुभ दोन रुमालांसह घरी घेऊन गेला.

तिचे नाव टिफनी. तिच्या व्हिसाचे कागद तयार करण्याचे काम कौस्तुभने आपणहून अंगावर घेतले आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तो भुईगावच्या तिच्या वाडीत हजर होऊ लागला. केळीच्या गर्द सावलीतून चालत गेले, की उन्हात बांबूचा मांडव लागत असे. सोललेली राजेळी केळी त्यावर ओळीने पहुडलेली असत. टिफनी एकेक केळे हलक्या हाताने उलटी आणि बोलत राही. आठ दिवस ऊन द्यायचे, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकून ठेवायचे, तेव्हा कुठे केळ्याचे सोनेरी, मधासारखे सुकेळे होते.

"तिकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा उजेड असतो म्हणे," ती म्हणाली. "पण उजेडात ऊब नाही. मग सुकेळी वाफेवर सुकवता येईल का? मला तेच बघायचंय."

"आणि तो प्रसिद्ध धबधबा वगैरे?"

"वेळ उरला तर."

ओट्यावर तिचे वडील गॉडफ्रे पान जुळवत बसलेले असत. दर रविवारी ते एकच प्रश्न विचारीत, "काय रे कौस्तुभ, कागद अजून संपले नाहीत का?"

"थोडेच उरलेत, अंकल," कौस्तुभ सांगे, आणि टिफनी मान खाली घालून हसू लपवी.

याप्रमाणे विमान चोवीस मेचे ठरले, लोकरीचे मोजे आले, सामानाच्या यादीवर खुणा झाल्या. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी कौस्तुभने भरून आणलेला अर्ज तिच्यापुढे सहीसाठी ठेवला. टिफनीने तो शांतपणे वाचला. एका ओळीवर तिचे बोट थबकले.

"हे काय लिहिलंय? व्यवसाय, काही नाही. वडिलांवर अवलंबून?"

"ते… तशी पद्धत आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, पगाराची पावती नाही. असं लिहिलं की अर्ज पटकन सुटतो. मी शेकडो वेळा लिहिलंय."

टिफनीने दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. केळीच्या चिकाचे काळे डाग बोटांच्या पेरापेरांत मुरलेले होते.

"हे धुतल्याने जात नाहीत. पाच वर्षं झाली. पहाटे मांडवावर केळी मी घालते, केळ्यांचे लोंगर मी उतरवते, गिऱ्हाईक मी सांभाळते. आणि तुम्ही शेकडो वेळा लिहिलंत, म्हणून मी अवलंबून?"

"टिफनी, मी तुमच्या भल्यासाठीच—"

"भलं राहू द्या. जाईन तर शेतकरी म्हणून जाईन. नाहीतर तो कोट शेजारच्या हंसाबाईच्या म्हशीला घाला!"

ती तरातरा वाडीत निघून गेली. त्या रविवारी गॉडफ्रे यांनी काही विचारले नाही.

फुलपाड्यापर्यंतच्या संपूर्ण प्रवासात ते काळे डाग कौस्तुभच्या दृष्टीसमोरून हलले नाहीत. आपण आजवर किती राबणाऱ्या बायकांच्या नावापुढे 'काही नाही' असे लिहिले असेल, या विचाराने त्याचे मन खजील झाले.

पुढील आठवड्यात त्याने तीन दिवस रजा टाकली. टिफनीकडून वर्षानुवर्षे सुकेळी नेणाऱ्या नऊ दुकानदारांना भेटून त्याने त्यांच्या सहीची पत्रे मिळवली. शनिवारी तो वाडीत आला, तेव्हा टिफनी त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "अर्ज फाडलात का?"

"फाडला. नवा भरतोय. पण अंकलचं एक पत्र लागेल."

गॉडफ्रे यांनी चष्मा लावला. साध्या कागदावर, अत्यंत सावकाश, त्यांनी चार ओळी लिहिल्या: 'ही वाडी माझ्या नावावर आहे. ती चालवते माझी मुलगी. सुकेळी कशी करावी, हे तिला तिच्या आजीने शिकवले. आज मी या वाडीत माझ्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे काम करतो.' खाली सही करून ते म्हणाले, "इंग्रजी तू कर. पण शेवटची ओळ गाळायची नाही, सांगून ठेवतो!"

कौस्तुभने एक शब्दही गाळला नाही. मात्र टिफनीपासून त्याने काही लपवलेही नाही.

"आमचे साहेब म्हणतात, असा अर्ज नामंजूर होऊ शकतो. मग दुसऱ्यांदा अवघड जातं. कदाचित हे जाणंच राहून जाईल."

टिफनीने क्षणभर मांडवाकडे पाहिले. "कळलं," ती म्हणाली. "लिहा… शेतकरी."

तदनंतर प्रतीक्षेचे दिवस सुरू झाले. अठरा दिवस काहीच कळले नाही. एकोणिसाव्या दिवशी कचेरीत बंद पाकीट आले. ते न उघडता कौस्तुभ थेट भुईगावला पोहोचला. टिफनी हंगामाची अखेरची केळी उतरवत होती. तिचे हात चिकट झाले होते.

"तुम्हीच फोडा," ती म्हणाली.

"छे. अर्ज तुमचा आहे."

तिने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. पाकिटातून पासपोर्ट निघाला, पाने उलटली गेली… आणि एका पानावर व्हिसाचा तो लखलखीत चौकोनी कागद चिकटलेला दिसला.

गॉडफ्रे एकदम उठून कुंपणापाशी गेले. "ओ हंसाबाई! आमची टिफनी चालली! शेतकरी म्हणून चालली, आहात कुठे!" डोळे पुसत ते आणखी मोठ्याने ओरडत होते.

टिफनीने कौस्तुभकडे पाहिले. "नाचायचं सोडून तुमचा चेहरा का उतरला?"

"नाही… तीन आठवडे… रविवार रिकामे जातील."

"फुलपाड्यात रविवारी काही नसतं वाटतं?"

"आई असते. पण तिला ठाऊक आहे, मी इथे काही कागदांसाठी येत नाही."

"आईला सांगितलंत? आणि मला?"

कौस्तुभने खाली पाहिले. "तुमचं जाणं आधी पक्कं व्हायला हवं होतं. त्याआधी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, मदतीच्या बदल्यात काही मागतोय."

केळीची पाने वाऱ्यावर हलकेच सळसळत होती.

"आता झालं ना पक्कं?" ती हळूच म्हणाली. "मग बोला."

"मला तुम्ही आवडता, टिफनी. त्या दुकानात मान वर करून बोललात ना… तेव्हापासून."

तिच्या गालांवर लाली पसरली; परंतु मान खाली गेली नाही. "मी येईपर्यंत दर रविवारी यायचं. नवीन केळींना माती लावायची आहे. पप्पांची कंबर दुखते."

"मला जमेल ते?"

"मुळीच नाही जमणार," ती हसली. "पण शिकशील तू."

ओट्यावरून गॉडफ्रे यांचा मोठ्याने खोकल्याचा आवाज आला. तथापि ते उठून आले नाहीत.

संध्याकाळी वसई स्टेशनच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कौस्तुभला न राहवून विचारलेच, "काय हो, स्वतःशीच हसताय? काही गोड बातमी?"

"आमच्या घरातलं माणूस परदेशी चाललंय, काका."

"वा! नोकरीला?"

"नाही," कौस्तुभ ताठ बसत म्हणाला, "शेती शिकवायला."

आपण 'आमच्या घरातलं' असे म्हणून गेलो, हे त्याच्या ध्यानात आले. पण ते दुरुस्त करावे, असे त्याला मुळीच वाटले नाही.