जांभळा श्वास

गावच्या समितीसाठी हवा तपासणाऱ्या केतकीने दिनकरअण्णांच्या बांधावर वायुदर्पण उभा केला तेव्हा चैत्राचं ऊन अजून कोवळं होतं. दाराएवढी ती काच. हवेत मिथेन वायू असला की तिच्यातून तो जांभळा दिसायचा. मायाक्का कोकरेने काचेतून आपला कळप पाहिला आणि तिचा हात आपसूक तोंडावर गेला. रवंथ करणाऱ्या दीडशे मेंढ्यांच्या तोंडून जांभळी वाफ निघत होती, पाठींवरून रेंगाळत होती. सगळा कळपच जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय असं वाटत होतं.

“बया! किती ग्वाड दिसतंय,” ती म्हणाली.

“तेच तर नकोय ना, मावशी,” केतकी म्हणाली. “पोटात चारा आंबतो, त्याचा हा वायू. ढेकरेबरोबर बाहेर पडतो आणि चुलीच्या धुरापेक्षा कितीतरी पटींनी हवा तापवतो.”

दिनकरअण्णांच्या शिवारात मायाक्काचा कळप दर उन्हाळ्यात बसायचा, तो तिच्या सासूच्या काळापासून. लेंड्या जमिनीत मुरायच्या, अण्णांना कारखान्याचं खत घालावं लागायचं नाही, आणि त्या खतातून उठणारा वायूही टळायचा. केतकीला हे सगळं मान्य होतं. पण गावाने हवा न तापवणारी शेती करायची ठरवली होती, आणि काच फार जांभळी झाली तर कळपाला शिवार बंद, असा गावच्या समितीचा नियम होता. खोऱ्यातली बाकीची गावंही हाच नियम उचलणार होती. मग एवढी जित्राबं घेऊन बाईने जावं तरी कुठे?

काच फारच जांभळी होती; केतकीने नकारार्थी मान हलवली. शेजारी उभे असलेले अण्णा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मायाक्काने कुणाच्या हातापाया पडायचं नाही असं ठरवलं आणि कळप ओढ्याकडे वळवला.

ओढ्याकाठी तिने चार दिवस तळ दिला. डोळे मिटले की तिला ती जांभळी वाफ दिसायची. एकदा तिने म्हाताऱ्या मेंढीच्या तोंडाशी तळहात धरून पाहिला. नुसती ऊब लागली. या उबेपायी आपलं बिऱ्हाड मोडणार, या विचाराने तिला भडभडून आलं.

पाचव्या सकाळी केतकी काच हातगाडीवर घालून ओढ्यावरूनच दुसऱ्या वस्तीकडे निघाली होती. सहज म्हणून तिने काच कळपाकडे फिरवली आणि जागीच थबकली. वाफ जेमतेम होती, विरलेली, फिकट.

“मावशी, तपासणीआधी यांना काय घातलं होतंत?”

“कडब्याची कुट्टी. आठ दिस तट्ट फुगूस्तवर. पाव्हण्याम्होरं खपाटीला गेलेलं जनावर कसं दावायचं?”

“आणि आता?”

“आता काय, आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडायच्या. आमचं नेहमीचंच.”

केतकीने खाली पडलेली एक शेंग उचलून पाहिली. शेंगांमधलं तुरट द्रव्य पोटात वायू करणाऱ्या जंतूंना आवरतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. मेंढ्या एरवी काय खातात हे विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. तिने अण्णांना तिथेच बोलावून घेतलं. अण्णांनी काचेतून पाहिलं, मग ओढ्याच्या काठाने नजर फिरवली.

“अकरा बाभळी उरल्यात सगळ्या शिवारात,” ते हळूच म्हणाले. “बाकीच्या ट्रॅक्टर वळायला आडव्या यायच्या, म्हणून आम्हीच तोडल्या. एवढ्या शेंगा किती दिवस पुरणार?”

“धा-बारा दिस.”

मेंढ्या रवंथ करत होत्या.

“अण्णा,” मायाक्का म्हणाली, “मेंढीच्या पोटातनं आलेलं बी लवकर रुजतं. आमी बसून गेलो की पावसाळ्यात तुमच्या बांधाला बाभळीची रोपं उठत्यात. दरसाल तुमी ती काटं म्हणून उपटून टाकता.” ती जरा थांबली. “औंदा ऱ्हाऊ द्याल का?”