अंधारात वाजवलेली शिट्टी

तो रेडिओ बंद करा आधी. आणि कवेना, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

चाळीस वर्षं बातमीदारी केली, पण ही गोष्ट छापली नाही. हानालेनं सांगितली तशी सांगतो. तो थापा मारत नाही. थापा मारायला लागते तेवढी अक्कलच त्याच्याकडे नाही.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस जानेवारी. मंगळवार, अमावास्या. संध्याकाळी सातला हानाले घोटलेल्या अळकुड्यांच्या पोईचं भांडं घेऊन वहिनीकडे निघाला. पुआनानी वहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, पलानीची बायको. पलानीच्या नावाच्या टोप्या तुम्ही सगळे घालता, पण त्याला पाहिलंय कुणी? तीनमजली लाटेवर सर्फबोर्ड टाकून तो असा उभा राहायचा, जसा आपण ओट्यावर. आणि त्याच लाटांमधून त्यानं दोनशे माणसं जिवंत ओढून आणली. चार वर्षांपूर्वी एका बुडत्या पाहुण्याला काढायला गेला. पाहुणा किनाऱ्याला लागला. पलानीचं प्रेतही मिळालं नाही.

मग त्याच्या नावानं स्पर्धा सुरू झाली. टोप्या विकल्या, भाषणं ठोकली. आणि त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी आयोजकांनी त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला, नोएला, मंचावर उभं केलं. "शार्कच्या पोटी मासोळी जन्मेल का? पुढच्या वर्षी बापाची लाट हीच घेणार!" टाळ्याच टाळ्या. बाप बुडाल्यापासून ती पोरगी मोठ्या लाटेसमोर लटलट कापायची. एकानं तरी विचारावं तिला! निर्लज्ज लेकाचे!

असो. वहिनी दारातच उभी होती.

"भावोजी, नोए तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? नाही."

"तिचा बोर्ड नाहीये. मला वाटलं, तुमच्याबरोबर..."

"कधीपासून?"

"पाचपासून."

हानालेनं भांडं पायरीवरच ठेवलं. खाडीवर पोचला तेव्हा जमीन हादरत होती, इतका समुद्र चढलेला. बचावपथकाच्या हेलिकॉप्टरला फोन केला. पाऊण तास लागेल म्हणाले. हानालेही जीवरक्षकच, भावाच्या हाताखाली शिकलेला. त्यानं जेट-स्की पाण्यात ढकलली. वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "एक त्यात गेला, भावोजी. दुसरी देऊ नका."

फेसाच्या पहिल्या भिंतीतून तो निघाला. दुसरीतूनही निघाला. तिसऱ्या लाटेनं इंजिन गिळलं.

काळोख. किनारा कुठे, तेही कळेना. "नोए! नोए!" आवाज स्वतःलाच ऐकू येईना.

तेव्हा त्यानं ते केलं... जे आपल्यात कुणी करत नाही.

अंधार पडल्यावर शिट्टी वाजवायची नाही. तुमच्या आज्यांनी तोंडावर चापट मारून शिकवलंय. कोण ऐकेल, कोण येईल, सांगता येत नाही. हानालेला काय ठाऊक नव्हतं? पण हाती दुसरं काही उरलंच नव्हतं.

दोन बोटं तोंडात घातली. एक लांब, दोन आखूड. पलानीची शिट्टी. 'परत फिरा.'

काही नाही.

पुन्हा वाजवली.

आणि उत्तर आलं. एक लांब... दोन आखूड. लाटांच्या पलीकडून.

"नोएच असेल की, काका."

नोएला शिट्टी येत नाही, कवेना. गप्प बस.

जेट-स्की सोडून तो पोहत निघाला. शिट्टी पुढे, हा मागे. मोठ्या लाटा झुंडीनं येतात. मध्ये चार-पाच मिनिटांची उसंत मिळते. त्या रात्री उसंत मिळाली... आणि ती संपेचना. पाणी सपाट. आवाज नाही. एवढ्या समुद्राला आवाज नाही...

मग ती दिसली. बोर्ड कधीच तुटलेला. अंगावर फुगणारं जाकीट नाही. पाय हलत नव्हते, तरी डोकं पाण्यावर. उजवा हात सरळ वर. कुणीतरी धरून ठेवावा तसा.

"नोए!"

"काका..." दात वाजत होते. "दुखतंय. त्यांना सांगा ना... हात सोडा म्हणावं."

"कुणाला सांगू?"

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यावरून... मागे पाहत होती.

हानालेनं मान वळवली नाही.

तिला कवटाळून तो तसाच तरंगत राहिला. हेलिकॉप्टरचा दिवा डोक्यावर येईपर्यंत. दोरीनं दोघांना वर घेतलं आणि खाली पुन्हा गर्जना सुरू झाली.

पोरीला खरचटलंही नव्हतं. पण वहिनी या बेटावर राहिली नाही. पोरीला घेऊन लास वेगासला गेली, आपली निम्मी माणसं आहेत तिथे. भोवती नुसतं वाळवंट. समुद्र चारशे किलोमीटर लांब.

गेल्या महिन्यात मी तिथे मुक्काम केला. ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नसतो. सकाळी नोए न्याहारीला आली. उजव्या मनगटाभोवती पांढरं काहीतरी. चष्मा लावून पाहिलं.

चार बोटं. आणि अंगठा. मोठ्या माणसाच्या हाताचा ठसा. वाळलेलं मीठ.

वहिनीनं ओलं फडकं पुढे केलं. नोएनं पुसून टाकलं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली आणि अंडी खाऊ लागली.

त्या दोघी आत गेल्यावर मी फडकं उचललं. जीभ लावून पाहिली.

खारट होतं... आणि दाताखाली बारीक वाळू कचकचली.