चौथं काडतूस

पिस्तूल अडकलं की दोष चारच ठिकाणी सापडतो, असं मिस्त्री येईल त्याला सांगायचा. मॅगझिनमध्ये, काडतूस चढतं त्या उतारावर, खुद्द काडतुसात, नाहीतर चालवणाऱ्याच्या मनगटात. पाचवी जागा नाही म्हणजे नाही! तीस वर्षं त्यानं नेमबाजांची पिस्तुलं दुरुस्त केली होती, आणि कुणाचं घोडं कुठं पेंड खातंय हे त्याला चहा निवायच्या आत कळायचं.

म्हणून मंगळवारी त्याची मुलगी रेंजवरून आली आणि "बाबा, चौथं अडकतंय," म्हणाली, तेव्हा त्यानं चष्म्यावरून नुसतं बघितलं.

"दर वेळी?"

"दर फैरीला. तीन सुटतात. चौथ्याला स्लाइड अर्ध्यात थांबते. मग मी मॅगझिन काढते, स्लाइड खेचते, अडकलेलं उडून खाली पडतं आणि पुढचं चालू."

"ठेव तिथं. आणि तोंड पाडू नकोस, संध्याकाळपर्यंत देतो."

तोंड पाडण्यासारखंच होतं म्हणा. रविवारी निवड चाचणी होती. पुढच्या महिन्यात तिला एकविसावं संपत होतं, मग ज्युनिअर संघाचं दार कायमचं बंद. दहाव्या वर्षापासून पोरीनं दुसरं काही केलं नव्हतं, आणि बापानं दुसरं काही करू दिलं नव्हतं. चाचणीत पिस्तूल एकदा अडकलं तर ती फैर पुन्हा मारायला मिळते. दुसऱ्यांदा अडकलं की राहिलेल्या गोळ्या शून्य. इथं तर दर फैरीला अडकत होतं.

मिस्त्रीनं पिस्तूल उघडलं. पाच काडतुसांचं मॅगझिन, छोट्या बोअरचं, हलकं, नवं कोरं. उतार स्वच्छ होता, तरी त्यानं तो घासून आरशासारखा केला. मॅगझिनचे ओठ व्हर्नियरनं मोजले, केसभर आत वळले होते, ते उघडले. स्प्रिंग बदलली. तेल पुसून पातळ तेल लावलं. बुधवारी सकाळी रेंजवर जाऊन त्यानं स्वतः वीस फैरी मारल्या. शंभर गोळ्या, एकही अडकली नाही. त्यानं मिशीवर हात फिरवला आणि पिस्तूल मुलीच्या हाती दिलं.

एक. दोन. तीन. खट्.

"मनगट सैल सोडतेस," मिस्त्री म्हणाला.

"नाही सोडत हो बाबा."

तिनं मनगटाला पट्टी बांधली. चौथं अडकलं. काडतुसांचा खोका बदलला, कंपनी बदलली. चौथं अडकलं. दुसरं मॅगझिन लावलं, तरी चौथंच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं सगळं. बुधवारी संध्याकाळी मिस्त्रीनं हात टेकले आणि तो न जेवताच झोपायला गेला.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या दोन दिवसांत एकदाही कुणी अडकलेल्या काडतुसाकडे पाहिलं नव्हतं. नेमबाज माणूस अडकलेलं खेचून उडवतो आणि पुढची गोळी मारतो, ती सवयच असते. उडालेलं जाऊन पडतं खाली शंभर रिकाम्या पुंगळ्यांत, आणि सगळे टक लावून बसतात पिस्तुलाकडे. तीस वर्षांचा मिस्त्री, पण तोही त्याच सवयीचा.

गुरुवारी त्यानं मार्कर घेतला. काडतुसांच्या बुडावर एक ते पाच आकडे घातले, स्वतःच्या हातानं मॅगझिन भरलं, स्वतःच्या हातानं पिस्तुलात बसवलं आणि मुलीला बजावलं, "अडकलं की आहे तसं धर. बोटसुद्धा लावायचं नाही."

एक. दोन. तीन. खट्.

मिस्त्री वाकला. स्लाइडच्या खिडकीत तिरकी होऊन काडतूस नव्हे, पुंगळी बसली होती. रिकामी, काळवंडलेली जुनी पुंगळी. तिचं तोंड पकडीनं तीन ठिकाणी चिमटलेलं होतं.

त्यानं ती चिमट्यानं उचलली. बुडावर आकडा नव्हता. मॅगझिनमध्ये पाचव्या आकड्याचं काडतूस शहाण्यासारखं बसून होतं. चौथं कुठंच नव्हतं. दोघांनी गुडघ्यांवर बसून जमीन शोधली, केरसुणीनं सगळ्या पुंगळ्या ओढून एकेक उलटी केली. पहिला, दुसरा, तिसरा आकडा सापडला. चौथा नाही. मग मिस्त्रीनं मंगळवारचा आणि बुधवारचा कचऱ्याचा डबा पालथा केला, तेव्हा त्यातून तसल्याच तोंड चिमटलेल्या एकतीस पुंगळ्या निघाल्या.

"ही थट्टा कुणाची आहे?" तो ओरडला. "तुला माहीत आहे का?"

"बाबा, मॅगझिन तुम्ही भरलंत," ती हळू म्हणाली. "आणि ही चिमटलेली पुंगळी तुम्हीही ओळखता."

ओळखत होता. ओळखणार नाही तर काय! सरांची पद्धत होती ती. सर म्हणजे तिचे गुरू, अकरा वर्षं तिला शिकवणारे. मुलगी चाप ओढताना आवाजाच्या धास्तीनं दचकते, अगदी जराशी, पण दचकते, हे सरांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. तिचं नाव त्यांनी चिमणी ठेवलं ते त्यामुळंच. मग ते तिच्याकडे पाठ करून तिचं मॅगझिन भरायचे आणि पाचांत कुठंतरी एक रिकामी पुंगळी घालायचे. चढायला सोपी जावी म्हणून तिचं तोंड पकडीनं चिमटायचे. चाप ओढला आणि आवाज झालाच नाही, की नळी खाली झुकलेली साऱ्यांना दिसायची. "बघ चिमणे, दचकलीस," सर म्हणायचे. "दचकणं जाईपर्यंत मी काही तुला सोडायचो नाही."

जुन्या पिस्तुलात ती पुंगळी सुरळीत चढायची. या नव्याचा उतार उभा, त्यात ती तिरकी होणारच. अडकतं का, ते मिस्त्रीला आता लख्ख कळलं होतं. पण त्याचा उपयोग काय? सरांना जाऊन चार महिने झाले होते.

घरी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा चिमणीची आई पोळपाट बाजूला सारून बसली.

"तुम्हीच म्हणालात ना त्यांना तोंडावर? बस झाल्या तुमच्या रिकाम्या पुंगळ्या, पोरीला सोडा आता."

"म्हणालो."

"आणि पाचव्या दिवशी ते गेले."

"त्यांचं हृदय कमजोर होतं," मिस्त्री म्हणाला. "माझ्या बोलण्यानं कुणी मरत नाही."

"मरत नसेल," ती म्हणाली, "पण लागतं."

शुक्रवारी त्यानं क्लबचं पिस्तूल मागून आणलं. वेगळी बनावट, वेगळं मॅगझिन. चौथं अडकलं. म्हणजे पिस्तुलाचा काही संबंधच नव्हता. त्यानं काडतुसं एकमेकांना धाग्यानं बांधायचा विचारसुद्धा केला, आणि मग स्वतःच्याच अकलेची कीव येऊन कपाळाला हात लावला. चिमणी बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. ती नुसती उजव्या हाताची बोटं मोजत होती आणि चौथ्याशी थांबत होती.

शनिवारी दुपारी रेंज रिकामी असताना मिस्त्री एकटाच आत गेला. सर जिथं उभे राहायचे, चिमणीच्या नेमबाजीच्या गल्लीच्या डाव्या बाजूला दोन पावलं मागं, तिथं जाऊन तो उभा राहिला. उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते. बंदुकीच्या दारूचा वास होता, आणि पंखा फिरत होता.

"सर," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज त्याला परका वाटला. "चुकलं माझं. नको ते बोललो. पण पोरीनं काय केलंय? उद्याचा एकच दिवस आहे तिच्याकडे. तुम्हाला काय हवं ते करा, फक्त उद्या तिची निवड होऊ द्या. पाया पडतो तुमच्या."

आणि खरोखरच तो खाली वाकला, त्या रिकाम्या जागेसमोर, पन्नाशी उलटलेला माणूस. थंड फरशीला कपाळ लावून तो बराच वेळ तसाच राहिला. काहीही झालं नाही. उठताना फक्त त्याला जाणवलं की पंखा बंद आहे, आणि तो कधी बंद झाला ते काही आठवेना.

रविवारी सकाळी नऊला चाचणी सुरू झाली. मिस्त्री दोरीच्या मागं उभा होता. मॅगझिनं त्यानं भरली होती, आकडे त्यानं घातले होते, आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं.

पहिली फैर. चौथी गोळी सुटली. पाचवीही सुटली.

त्याचा विश्वास बसेना. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या फैरी बिनबोभाट गेल्या. सहाव्या फैरीनंतर फळ्यावर चिमणीचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. जागा एकच होती. शेवटची फैर उरली.

पंचांनी हुकूम दिला. चिमणीचा हात वर गेला.

एक. दोन. तीन.

चार.

पाच.

पाची आवाज मिस्त्रीनं कानांनी ऐकले. सारख्या अंतरानं, घड्याळ लावल्यासारखे. त्याचे डोळे भरून आले.

"थांबा, पिस्तुलं रिकामी करा," पंच म्हणाले. चिमणीनं मॅगझिन काढलं, स्लाइड खेचली. काहीतरी उडून खाली पडलं.

लक्ष्याचा कागद आणला गेला. पाच भोकं. शेवटची दोन मधोमध, एकमेकांना चिकटून. पंच स्वतः मिस्त्रीपाशी आले.

"काय पोर आहे तुमची! शेवटच्या दोन गोळ्यांना हात नुसता दगड. वर्षानुवर्षं बघतोय मी तिला, आज पहिल्यांदा दचकली नाही. निवड झाली म्हणून समजा. सही तेवढी घ्यायची."

चिमणी त्यांच्या मागून येत होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. पंच पुढं गेले तसं तिनं बापाचा हात ओढला आणि मूठ उघडली.

मुठीत एक काडतूस होतं. न झाडलेलं. बुडावर मिस्त्रीच्या अक्षरातला पाच.

"चौथ्याला अडकलं, बाबा," ती कुजबुजली. "पुंगळी होती. पंचांना दाखवायला मी हात वर करणार होते. तेवढ्यात माझ्या हातातून दोन आवाज झाले. मी चाप ओढला नाही. शपथ घेऊन सांगते, ओढला नाही."

मिस्त्रीनं ते काडतूस तिच्या हातातून घेतलं आणि उलटून पाहिलं.

"मी पंचांना सांगते," ती म्हणाली. "त्या माझ्या नाहीत."

त्यानं तिचं मनगट धरलं. किती घट्ट धरलं ते त्याला नंतर कळलं.

"नाही."

"बाबा—"

"मी ऐकल्या पाच. सगळ्यांनी ऐकल्या. अकरा वर्षं, चिमणे! अकरा वर्षं! जा, सही कर."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आपल्याला कुणीतरी कुणाच्या तरी ताब्यात देऊन टाकलं आहे आणि ते आत्ताच कळलं आहे, असं ते पाहणं होतं. मग ती वळली, टेबलापाशी गेली आणि तिनं सही केली.

काडतूस मिस्त्रीनं आपल्या खिशात टाकलं.

परत येताना गाडी तोच चालवत होता. ती शेजारी बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. तो बोलतच सुटला होता. आईला फोन कर, संघाबरोबर जाशील तेव्हा नवी बॅग घेऊ, मी सांगत होतो की नाही. ती "हं" म्हणत होती.

पुलावर शेजारून जाणाऱ्या ट्रकचा टायर फुटला. बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मिस्त्रीच्या हातून गाडी हेलकावली, त्याच्या तोंडून किंकाळी निघाली, मागचा स्कूटरवाला धडपडून खाली पडला. गाडी कडेला लावून, छातीवर हात दाबून, त्यानं शेजारी पाहिलं.

चिमणी तशीच बसली होती.

"लागलं नाही ना गं?"

"नाही," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. अंगावर शहारासुद्धा नव्हता. ती समोर काचेतून रस्त्याच्या एका ठिपक्याकडे बघत होती, नेम धरल्यासारखी. मिस्त्रीनं पुन्हा गाडी सुरू केली आणि तो मधूनमधून तिच्याकडे बघत राहिला.

घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्याची पापणी एकदाही लवली नाही.